फ्लो कमी करत जाणं: ग्लुकोज आयसोमरेजचा कॉलम चालवताना

ग्लुकोज आयसोमरेजचा पॅक्ड बेड कॉलम आम्ही लॅबमध्ये सलग चालवला, अगदी त्याचं आयुष्य संपेपर्यंत, आणि त्याबद्दल सविस्तर लिहायचं मनात होतं कारण पुस्तकात याचं चित्र फारच सोपं काढलेलं असतं. एका बाजूने ग्लुकोजचं सिरप आत, मध्ये एन्झाइम बांधलेले दाणे, दुसऱ्या बाजूने ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण बाहेर, झालं. पण रिअ‍ॅक्शन हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, ते काम एन्झाइम बिनबोभाट करतं. अवघड आहे ते रोज थोडा थोडा मरत जाणारा कॉलम रोज तेवढंच कन्व्हर्जन, म्हणजे ग्लुकोजमधलं तेवढंच फ्रुक्टोज, देत राहील असा चालवणं. त्यासाठी हातात खरं तर एकच गोष्ट असते, फ्लो, म्हणजे सिरप कॉलममधून किती वेगाने जातं ते. बाकी सगळी मेहनत फीड, म्हणजे आत जाणारं सिरप, स्वच्छ ठेवण्याची.

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर कॉलमच का हा प्रश्न राहतो. एन्झाइम एखाद्या घन पदार्थाला चिकटलं तरी काम करतं हे १९१६ साली नेल्सन आणि ग्रिफिन यांनी दाखवलं होतं, कोळशाच्या भुकटीवर इन्व्हर्टेज हे साखर फोडणारं एन्झाइम बसवून. पण त्याचा कारखान्यात उपयोग व्हायला पन्नासेक वर्षं जावी लागली, जपानमधल्या तानाबे सेयाकु कंपनीत चिबाता यांच्या गटाने १९६९ मध्ये अमिनो अ‍ॅसायलेज बांधून अमिनो आम्लं वेगळी करायला घेतली तेव्हा. ग्लुकोज आयसोमरेजची गोष्ट त्याच काळातली. १९५७ मध्ये मार्शल आणि कूई यांनी ग्लुकोजचं फ्रुक्टोज करणारं एन्झाइम जाहीर केलं, पण त्याला आर्सेनेट, आर्सेनिकचं विषारी संयुग, लागायचं, म्हणजे खाण्याच्या साखरेसाठी बादच. मग जपानमध्ये ताकासाकी वगैरे मंडळींनी स्ट्रेप्टोमायसिस या बॅक्टेरियातून आर्सेनेट न लागणारं, उष्णता सहन करणारं एन्झाइम काढलं, आणि त्यावर अमेरिकेत क्लिंटन कॉर्न प्रोसेसिंग कंपनीने १९६७ मध्ये सिरप बाजारात आणलं. सुरुवातीला त्यात फ्रुक्टोज १५ टक्क्यांच्या आसपासच होतं, पुढे ते ४२ टक्क्यांवर गेलं. तो ४२ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कॉलमच का, तर हे एन्झाइम बॅक्टेरियाच्या पेशीच्या आत बनतं, त्यामुळे काढायला महाग, एकदा वापरून टाकून देणं परवडत नाही हे एक. पण मला स्वतःला पटलेलं मोठं कारण वेगळं आहे. हे एन्झाइम पीएच ७.५ ते ८ ला आणि ६० अंशांच्या आसपास चालतं आणि साखरेला नेमकं हेच वातावरण सोसत नाही. अल्कलाइन बाजूला, गरम, तासन् तास साखर ठेवली की ती पिवळी पडते, मग तपकिरी, आम्लं तयार होऊन पीएच उतरतो, मॅनोज आणि सायकोजसारख्या नको त्या साखरा निघतात. मोठ्या टाकीत थोडं एन्झाइम टाकून बॅच केली तर हे सगळं होणारच. कॉलममध्ये मात्र एन्झाइम दाटीने भरलेलं असतं, साखरेला आत फार वेळ थांबावंच लागत नाही, बिघडायच्या आत ती बाहेर. आम्ही तुलनेसाठी एक बॅच करून पाहिली होती, कन्व्हर्जन सारखंच आलं पण दोन्ही नमुने शेजारी ठेवल्यावर रंगातला फरक बघून काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

कॉलम जॅकेटचा, काचेचा, जॅकेटमधून गरम पाणी फिरतं. दाणे कोरडे येतात आणि ते कोरडेच भरायचे नाहीत, कारण सिरपमध्ये ते फुगतात आणि फुगायला जागा नसेल तर बेड आवळतो, प्रेशर चढतं. म्हणून आधी फीडसारख्याच सिरपमध्ये भिजवत ठेवायचे, हलक्या हाताने ढवळायचं, वर तरंगणारा बारीक चुरा ओतून टाकायचा, परत सिरप घालायचं, परत ओतायचं. हा चुरा काढण्याचा कंटाळा येतो पण मी त्यावर हवा तेवढा वेळ दिला आणि पुढे तो वसूल झाला, कारण चुरा राहिला की तो खालच्या जाळीवर जाऊन बसतो आणि मग अख्खा कॉलम तुंबतो. भरताना स्लरी, म्हणजे सिरपमध्ये भिजलेले दाणे, एका दमात ओतायची, थांबून थांबून ओतली की थर पडतात.

भरून झाल्यावर लगेच फीड सुरू न करता आम्ही आधी ट्रेसर सोडला. ब्लू डेक्स्ट्रानची छोटी मात्रा वरून द्यायची आणि खाली निळा रंग कधी येतो, किती पसरून येतो ते बघायचं. रेणू इतका मोठा की दाण्यांच्या छिद्रांत शिरत नाही, फक्त दाण्यांच्या मधल्या जागेतून जातो. पट्टा सरळ, अरुंद उतरत गेला तर बेड नीट बसलाय, एका कडेने निळी शेपटी पुढे पळाली तर तिथे वाट पडली आहे, ज्याला सगळे चॅनेलिंग म्हणतात. चॅनेलिंग असलेल्या कॉलममधून पुढे येणारा कुठलाही आकडा खोटाच असतो, कारण निम्मं सिरप एन्झाइमला न भेटताच निघून जातं. त्यामुळे ही टेस्ट न करता कॉलम चालू करू नये असं माझं ठाम मत आहे.

फीड म्हणजे ४५ टक्के घनभाग असलेलं ग्लुकोजचं द्रावण, त्यात मॅग्नेशियम सल्फेट, कारण मॅग्नेशियम असल्याशिवाय हे एन्झाइम चालत नाही, थोडं सोडियम मेटाबायसल्फाइट, आणि पीएच ७.७ च्या जवळपास. मग ते गरम करून व्हॅक्यूमखाली हवा काढायची. हवा काढण्यामागे दोन कारणं आहेत. ऑक्सिजनने एन्झाइम लवकर मरतं हे पुस्तकात असतं. दुसरं कारण कॉलमसमोर उभं राहिल्यावरच नीट कळतं, गार फीड गरम कॉलममध्ये आलं की त्यातली विरघळलेली हवा बाहेर पडते, दाण्यांच्या मध्ये बुडबुडे अडकतात आणि एकदा अडकलेला बुडबुडा दाट सिरपमधून वर येत नाही. तिथून पुढे तो भाग कोरडा. म्हणून फीडची टाकी कॉलमपेक्षा थोडी जास्तच गरम ठेवायची, म्हणजे जी काही हवा सुटायची ती टाकीतच सुटते. गरम ठेवल्याने सिरप पातळही राहतं, थंड ४५ टक्के सिरप पंपाला ढकलायला जड जातं.

पंपाबद्दल मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पंपाच्या डायलवर जाऊ नकोस, बीकर वजन करत जा." पेरिस्टाल्टिक पंपाची नळी दाबून दाबून चपटी होत जाते आणि डायल तोच असताना फ्लो हळूहळू घसरतो. आणि आपला सगळा हिशोब फ्लोवर उभा. फ्लो नकळत कमी झाला तर कन्व्हर्जन छान दिसतं आणि आपल्याला वाटतं एन्झाइम एकदम तंदुरुस्त आहे. त्यामुळे ठराविक वेळेत किती ग्रॅम बाहेर आलं हेच वहीत, डायलचा आकडा नाहीच.

पहिला माल थोडा रंगाचा आणि वासाचा येतो, दाण्यांमधलं सुटं प्रोटीन वगैरे धुऊन निघतं, तो बाजूला टाकला. मग मापायचं कसं? रिड्युसिंग साखर मापणारी डीएनएसएची टेस्ट सगळ्यांना माहीत असते पण ती इथे काही कामाची नाही, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही रिड्युसिंग, दोघांचं मिळून रीडिंग आत आणि बाहेर जवळपास तेच. पोलारिमीटर मात्र इथे एकदम देखणं काम करतं. ग्लुकोज प्रकाश उजवीकडे वळवतं, २० अंशांना साधारण अधिक ५२.७, फ्रुक्टोज डावीकडे, उणे ९२ च्या आसपास. म्हणजे फ्रुक्टोज ३६ टक्क्यांच्या थोडं वर गेलं की रीडिंग शून्य, आणि ४२ टक्क्यांना उणे ८. कॉलम सुरू केल्यावर रीडिंग अधिकमधून उतरत उतरत शून्य ओलांडून उणेत जाताना बघणं हा या सगळ्या प्रकरणातला माझा आवडता भाग, नुसती काच आणि प्रकाश, आणि आत काय चाललंय ते कळतं. फक्त सॅम्पल पातळ करून, थंड करून, थोडा वेळ स्थिर होऊ देऊनच मापायचं, साखरेची रूपं आपसात बदलत असतात आणि फ्रुक्टोजचं रीडिंग तापमानाला फार हलतं. अधूनमधून एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातल्या साखरा वेगळ्या करून मापणाऱ्या यंत्रावर, खात्री करायची, कारण सायकोज वगैरे झालं असेल तर पोलारिमीटर ते वेगळं सांगू शकत नाही.

आता तो ४२ चा आकडा. ही रिअ‍ॅक्शन उलटसुलट दोन्हीकडे जाते, ६० अंशांना कितीही थांबलात तरी साधारण ५१ टक्के फ्रुक्टोजला समतोल येतो. मग ५० का काढत नाहीत, ४२ वरच का थांबतात असं मलाही आधी वाटायचं. हिशोब करून बघा. समतोलाच्या जवळ जाताना वेग पडत जातो, लागणारा वेळ हा समतोलाला भागिले उरलेलं अंतर, त्याच्या नैसर्गिक लॉगच्या प्रमाणात असतो. ४२ साठी ५१ भागिले ९, लॉग १.७३ येतो. ४५ साठी ५१ भागिले ६, २.१४. आणि ४८ साठी ५१ भागिले ३, २.८३. म्हणजे शेवटचे सहा टक्के मिळवायला सिरपला कॉलममध्ये दीडपटीहून जास्त थांबवावं लागतं, तितकंच जास्त एन्झाइम, तितकाच जास्त रंग. ते सहा टक्के त्या किमतीचे नाहीत. म्हणूनच ५५ टक्क्यांचं सिरप हवं असेल तर कॉलमवर जोर काढत बसत नाहीत, ४२ चा माल घेऊन क्रोमॅटोग्राफीने त्यातलं फ्रुक्टोज ९० टक्क्यांपर्यंत वेगळं काढतात आणि ते परत ४२ मध्ये मिसळतात. तापमान वाढवलं तर समतोल फ्रुक्टोजकडे सरकतो आणि वेगही वाढतो हे खरं, पण एन्झाइमचं मरण त्याहून जास्त वाढतं. खाली, ५० च्या आसपास गेलं तर एन्झाइम टिकतं पण जंतू वाढायला लागतात. ६० हा त्या दोघांमधला मुक्काम.

मग रोजचं काम सुरू झालं. मोजायचं, कन्व्हर्जन ४२ च्या खाली झुकलं की फ्लो थोडा कमी करायचा, परत मोजायचं. एन्झाइमची ताकद निम्मी झाली की त्याच कन्व्हर्जनला फ्लो निम्मा लागतो, इतकं सरळ. म्हणजे तुम्ही वहीत जो फ्लो लिहीत जाता तोच एन्झाइमच्या तब्येतीचा आलेख असतो, वेगळी टेस्ट लागत नाही. मी लॉगवर फ्लो मांडत गेले, कारण मरण जर नेहमीच्या नियमाने, ठराविक काळात निम्मं असं होत असेल तर सरळ उतरती रेघ यायला हवी.

ती सरळ आली नाही. सुरुवातीला जवळपास आडवी, फार छान, इतकी की कॉलम ठरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त टिकणार असं वाटायला लागलं, आणि मग ती खाली वाकायला लागली. फीड तेच, तापमान तेच, पीएच तोच. इथे आम्ही बराच वेळ दिला आणि मला वाटतं या सगळ्यातून शिकण्यासारखं जे आहे ते इथेच आहे. आम्ही थोडे न वापरलेले दाणे घेतले, काही तसेच आणि काही बारीक कुटून, आणि दोघांची अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे एन्झाइमचा कामाचा वेग, छोट्या फ्लास्कमध्ये सारख्याच परिस्थितीत मापली. कुटलेल्यांची स्पष्टपणे जास्त आली. म्हणजे अख्ख्या दाण्याच्या आतल्या एन्झाइमपर्यंत ग्लुकोज पुरेसं पोचतच नाही, बाहेरचा थर सगळं खाऊन टाकतो आणि गाभ्यातलं एन्झाइम बसून राहतं. आता हे मरणाशी जोडा. बाहेरचं एन्झाइम थोडं मेलं की ग्लुकोज जरा आत शिरतं आणि आत जे बसून होतं ते कामाला लागतं. बाहेरून बघणाऱ्याला काहीच घटलेलं दिसत नाही! डिफ्यूजनची, म्हणजे ग्लुकोज दाण्यात झिरपत जाण्याची, अडचण फार असेल तेव्हा दिसणारा वेग खऱ्या अ‍ॅक्टिव्हिटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातो, म्हणजे खरी अ‍ॅक्टिव्हिटी चौथ्या हिश्शावर आली तेव्हा आपल्याला फक्त निम्मी घट दिसते. आणि हा आतला साठा वापरून संपला की मग खरा उतार दिसायला लागतो. सुरुवातीच्या आडव्या रेघेवरून हाफ-लाइफ, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, काढून कोणी पुढचा अंदाज बांधत असेल तर तो अंदाज फुगलेलाच असणार.

दाणा बारीक घेतला तर हे कमी होतं, पण मग बेडमधून सिरप ढकलायला प्रेशर लागतं, दाणे दबतात, परत चॅनेलिंग. दाण्याचा आकार म्हणजे कायमची तडजोडच आहे. दाण्याभोवतीच्या सिरपच्या पातळ थराचा अडथळाही तपासला, म्हणजे एक आखूड आणि एक लांब कॉलम, सिरप आत थांबण्याचा वेळ दोघांत सारखा, लांबमध्ये अर्थातच सिरप जोरात पळतं. कन्व्हर्जन दोघांत तेच आलं, तेव्हा तो अडथळा आमच्याकडे नगण्य होता, सगळी अडचण दाण्याच्या आतली.

मध्ये एकदा मात्र उतार एकदम वाढला, डिफ्यूजनच्या हिशोबात बसेना इतका. नवीन लॉटचं ग्लुकोज सुरू केल्यावर हे झालं हे वहीतल्या नोंदीवरून लगेच दिसलं, फीडमधलं कॅल्शियम तपासून घेतलं तर ते बरंच चढलेलं. कॅल्शियम या एन्झाइममध्ये मॅग्नेशियमची जागा बळकावतं आणि काम थांबवतं. उपाय दोन, एक तर आयन एक्स्चेंज रेझिनमधून फीड काढून कॅल्शियम घालवायचं, आणि मॅग्नेशियम त्याच्या कितीतरी पट जास्त राहील हे बघायचं. दोन्ही केलं, आणि घटलेल्यातलं बरंचसं परत आलं, त्यावरूनच समजलं की एन्झाइम मेलं नव्हतं, अडवलं गेलं होतं. पुढे फ्रुक्टोज वेगळं काढायच्या क्रोमॅटोग्राफीत रेझिनवर कॅल्शियमच बसवलेलं असतं, कारण फ्रुक्टोज त्याला जास्त धरून राहतं आणि मागे रेंगाळतं. आमचा एचपीएलसीचा कॉलमही तसाच, कॅल्शियमचा, ग्लुकोज आधी येतं आणि फ्रुक्टोज नंतर. जे कॅल्शियम एका कॉलममध्ये विष तेच पुढच्या कॉलममध्ये सगळं काम करतं, मला हे फार सुंदर वाटतं.

अजून एक, गरम कॉलम भरलेला असताना फ्लो थांबू द्यायचा नाही. थांबला की आतली साखर त्याच पीएचला, त्याच तापमानाला शिजत राहते, आम्लं होतात, पीएच पडतो आणि एन्झाइमला ते सहन होत नाही. त्यामुळे पंप बदलायचा असेल तरी आधी जॅकेटचं तापमान खाली आणायचं, मगच पंप बंद. चालू कॉलममध्येसुद्धा आत जाताना ७.७ असलेला पीएच बाहेर येताना थोडा उतरलेला असतो, आणि फ्लो जितका कमी तितका जास्त उतरतो, म्हणून म्हाताऱ्या कॉलमला शेवटी शेवटी पीएचकडे जास्त लक्ष द्यावं लागलं.

फ्लो सुरुवातीच्या आठव्या हिश्शावर आला तेव्हा थांबलो. तीन वेळा निम्मं म्हणजे साडेबारा टक्के, कारखान्यातही साधारण इथेच कॉलम रिकामा करतात. पण विचार करा, एकच कॉलम असेल तर पहिल्या दिवशीच्या तुलनेत शेवटच्या दिवशी आठपट कमी माल, पुढची बाष्पीभवनाची यंत्रं, टाक्या, सगळं कसं जुळवणार? म्हणून तिथे बरेच कॉलम समांतर चालवतात, प्रत्येकाचं वय वेगळं, एक नुकताच भरलेला, एक मधला, एक संपत आलेला, आणि सगळ्यांचा मिळून माल जवळपास कायम राहतो. प्रत्येकाचा फ्लो वेगळा पण कन्व्हर्जन सगळ्यांचं तेच. आम्ही कागदावर वेगवेगळ्या वयाचे कॉलम मांडून बघितले, कॉलमची संख्या वाढली की एकूण उत्पादनातला चढउतार झपाट्याने कमी होतो.

रिकामा करताना आम्ही दाणे एकदम बाहेर काढले नाहीत. वरून खाली थर थर वेगळे काढले आणि प्रत्येक थराची अ‍ॅक्टिव्हिटी मापली. तापमानाने मरण आलं असतं तर सगळीकडे साधारण सारखं यायला हवं होतं. पण सगळ्यात वरचा थर, जिथे फीड पहिल्यांदा शिरतं, जवळपास संपलेला होता, आणि खालच्या थरात अजून बरंच काही शिल्लक होतं. म्हणजे फीडमधून येणारी घाण वरच्या दाण्यांवर आधी बसत होती. पुढच्या कॉलमसाठी मॅडमनी फीडच्या वाटेवर कार्बनचा आणि रेझिनचा असे दोन छोटे बेड आधी लावायला सांगितले, आणि सिरप वरून आत येतं तिथे जुन्या, वापरलेल्या दाण्यांचा एक थर. त्या कॉलमच्या रेघेचा उतार सध्या तरी पहिल्यापेक्षा कमी आहे, पण आतला साठा संपून रेघ वाकायची आहे, त्यामुळे तिचा हाफ-लाइफ मी अजून काढलेला नाही.